डावा पाय सोडून

लिफ्टमामांचं सगळं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं, असं लोक म्हणत. खरं तर ते जिन्यात गेलं. चालू लिफ्टच्या मेकॅनिकला कोण कशाला बोलावतं? ती बंद पडली की फोन येतो, आणि लिफ्टची मोटर असते पार गच्चीवरच्या खोलीत. एकतीस वर्षं मामा खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून लोकांच्या इमारतींचे जिने चढत आले होते. आता छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे गुडघे त्यांच्या आधी बोलायला लागले होते. संध्याकाळी घरी परतलं की आणखी तीन मजले होतेच, कारण ते राहत त्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

"जगाला वर पोचवतात आणि मला चालवतात," मामी शेजारणीला सांगायच्या. पूर्वी हे सांगताना त्या हसायच्या.

मामा हे नाव कुठल्याशा इमारतीतल्या मुलांनी ठेवलं होतं. ते कंपनीच्या ऑफिसात पोचलं, तिथून गल्लीत आलं आणि लिफ्टमामांची बायको म्हणून मामी आपोआप मामी झाल्या. खरी नावं आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर आणि विजेच्या बिलावर उरली होती.

मामांच्या खिशात कायम एक वही असे. शिकाऊ होते तेव्हा त्यांच्या उस्तादांनी ती सवय लावली. लिफ्टपाशी गेलं की आधी हत्यार काढायचं नाही, आधी ऐकायचं, आणि ऐकलं ते तारीख घालून लिहायचं. "तुला काय वाटतं ते लिहू नकोस, वाटून घेणारा तू कोण? काय ऐकलंस ते लिही." म्हणून मामांच्या वहीत सगळी वाक्यं एकाच जातीची असत. 'चौथा मजला, दार लागताना दोनदा खट्.' 'खाली येताना दुसऱ्या-पहिल्याच्या मध्ये घासल्याचा आवाज, रिकामी असताना नाही.' एकदा एका इमारतीत दाराच्या बिघडलेल्या कुलपामुळे कुणा बाईंचा हात दारात चेंगरला. चौकशी बसली. तीन महिन्यांत तीनदा 'कुलूप धरत नाही' असं लिहून खाली सेक्रेटरींची सही घेतलेली वही मामांनी तपासनिसापुढे ठेवली आणि त्यांची नोकरी वाचली. तेव्हापासून वहीवर त्यांची श्रद्धाच बसली. झाकलेली खोड पुढच्या माणसाच्या अंगावर कोसळते, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांच्यापाशी होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

पिल्लू सापडलं तेही कामावरच. एका जुन्या चार मजली ऑफिसच्या इमारतीतून तक्रार आली, की लिफ्ट रडते. तिथल्या शिपायाचं म्हणणं पडलं, तेल घाला. अकाउंटंटबाई म्हणाल्या, तेल कालच घातलंय, आता लिफ्टच बदला. मामांनी सगळ्यांना गप्प केलं आणि दाराला कान लावला. लोखंड कसंकसं रडतं हे त्यांना ठाऊक होतं. हे लोखंड नव्हतं. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकवून ते शिडीने खालच्या खड्ड्यात उतरले. त्या खड्ड्याच्या तळाशी एक जाडजूड स्प्रिंग असते, तिला बफर म्हणतात. लिफ्ट चुकून पार खाली आलीच तर तिने झेलावी म्हणून. त्या बफरला अंग घासत, ग्रीसने माखलेलं, मुठीएवढ्या डोक्याचं एक तपकिरी पिल्लू बसलं होतं. तळमजल्याच्या दाराची खालची पट्टी तुटली होती, तिथून आत घसरलं असणार. मामांनी वहीत लिहिलं, 'खड्डा, बफरजवळ, कुत्र्याचं पिल्लू एक. जिवंत.' मग पिशवीतले पाने शर्टाच्या खिशात कोंबले आणि पिशवीत पिल्लू ठेवलं. पुढे दोन दिवस चौकशी करूनही ते कुणाचं निघालं नाही.

त्या संध्याकाळी तीन जिने चढून दार वाजवताना मामांना पहिल्यांदा भीती वाटली.

भीतीचं कारण आतली रिकामी खोली होतं. मामांच्या आई त्या खोलीत साडेसहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, रात्री चारदा उठणं, सगळं मामींनी केलं. सकाळी सासूचं आटपून त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहायच्या, दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायच्या, परत जायच्या. आई जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. तेराव्या दिवसानंतर मामींनी खाट देऊन टाकली, गादी देऊन टाकली, खोली धुतली आणि तशीच ठेवली. मामांनी एकदा सुचवलं, की एखादं कपाट ठेवू. मामी म्हणाल्या, "राहू दे. मला त्या खोलीत काहीसुद्धा नको. माझी वाट बघत पडून राहील असं घरात काही नको."

आणि आता मामा पिशवीत बरोबर तसलंच काहीतरी घेऊन दारात उभे होते.

मामींनी पिशवीत डोकावून पाहिलं. पिल्लानेही वर पाहिलं.

"किती दिवस?"

"दोन-चार."

"तुमचे दोन-चार मला माहीत आहेत," त्या म्हणाल्या आणि जुना टॉवेल आणायला आत गेल्या.

दोन-चाराचे बारा झाले. पिल्लू दूध-पाव खाऊन टणक झालं. मामी त्याला नाव ठेवायला तयार नव्हत्या, कारण नाव ठेवलं की ते आपलं होतं. मामा मात्र मामी दुकानात गेल्या की त्याला बफर म्हणून हाक मारत, आणि ते यायलाही लागलं होतं. ते जिना चढून वर आलं की मामा वही काढत. ही काही ठरवून केलेली गोष्ट नव्हती. हात आपसूक खिशाकडे जाई. 'मागचा डावा पाय. चढताना टक्. उतरताना नाही.' 'सकाळी उठल्यावर तीन पावलं लंगडतं, मग बरं.' 'टक् चालू.'

बाराव्या दिवशी, रविवारी, मामींचा धाकटा भाऊ आला. तो विम्याचं काम करायचा. माणूस प्रेमळ होता, पण घरी आला की कशाचा ना कशाचा विमा काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. पिल्लाकडे बोट करून तो म्हणाला, "दाजी, याचा काढून टाका."

"कुत्र्याचा?"

"का? सगळे काढतात हल्ली. ऑपरेशन, दवाखाना, अपघात. वर्षाला तुमचा आठ दिवसांचा पगार, बस. डोक्याला ताप नाही."

मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "आजारी पडलं तर सगळं ते देतात?"

"जवळजवळ सगळं, ताई."

मामींनी पिल्लाकडे पाहिलं. मग मामांकडे वळून म्हणाल्या, "ऐका. विमा निघत असेल तर ठेवू. नसेल निघत तर त्याला दुसरं घर बघायचं. मी परत कुणाच्या दुखण्यात सापडणार नाही, आणि दुखण्यासाठी पैसे जमवत परत अर्धं आयुष्य घालवणार नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही. रागावून सांगत नाहीये."

त्या रागावल्या नव्हत्या हे खरंच. रागावायलाही थोडी ताकद लागते.

फॉर्म सोपा होता. प्राण्याचं नाव, वय, रंग, आणि सोबत डॉक्टरांनी भरलेलं लसीचं कार्ड. सोमवारी मामांनी अर्धी रजा टाकली आणि पिल्लाला घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हाताने फार हळुवार. त्यांनी पिल्लाचे कान पाहिले, पोट दाबलं, लस टोचली आणि सहज विचारलं, "बाकी काही त्रास वगैरे, काका?"

मामांनी वही काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

तपासनीस आला की वही पुढे करायची, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलं होतं की आपण काय करतोय हे त्यांना कळलंही नाही. उलट थोडा अभिमानच वाटला. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. त्यांचा चेहरा उजळला. "किती व्यवस्थित लिहिलंय हो! लोक मला 'काहीतरी होतंय' एवढंच सांगतात." त्यांनी पिल्लाला आडवं करून डावा पाय मागे-पुढे वळवला, सांध्यावर बोटं ठेवली आणि कार्डावर तारखांसकट सगळं उतरवून घेतलं. "खुब्याचा सांधा सैल वाटतोय. पडल्यामुळे असेल, जन्मापासूनही असेल. वाढीत स्नायूंनी सांधा धरून ठेवला तर आपोआप सावरेल. नाही तर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून बघू, ऑपरेशन लागू शकतं. आज काहीच सांगता येणार नाही."

संध्याकाळी मेहुण्याने ते कार्ड वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"दाजी! हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं?"

"अहो, विमा काढायच्या आधीच दुखणं कार्डावर चढवलंत. आता डावा पाय गेला. त्या पायाचं काहीही निघालं तर कंपनी म्हणणार, हे आधीचं आहे. आणि तुम्हाला भीती आहे ती त्या पायाचीच ना?"

"पण आहे ते आहे."

"आहे ते आहे, पण ते सांगायचं कधी याला काही मुहूर्त असतो! आधी विमा, मग तीस दिवस थांबायचं, मग दवाखाना. कुणालाही विचारा." तो आवाज खाली आणून म्हणाला, "एक काम करा. दुसऱ्या डॉक्टरकडे जा. कोरं कार्ड करून घ्या. आधी कुठे दाखवलंच नाही म्हणायचं. खोटं नाही बोलायचं, फक्त गप्प बसायचं. एवढं जमेल ना?"

मामी दुकानातून यायच्या होत्या. पिल्लू मेहुण्याच्या बुटाची नाडी चावत होतं आणि मामांना एकाएकी ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरात, दुसऱ्या कुणाची तरी नाडी चावताना दिसलं.

गुरुवारी ते दुसऱ्या दवाखान्यात गेले. वही मुद्दाम घरी ठेवली. तरी खिसा रिकामा लागत होता, म्हणून त्यात रुमाल कोंबला. बाकावर बसून त्यांनी स्वतःची उजळणी घेतली. 'पहिल्यांदाच आणलंय. त्रास काही नाही.' पाच शब्द. शेजारी मांजर घेऊन बसलेल्या बाई त्यांच्या पुटपुटणाऱ्या ओठांकडे पाहून थोड्या सरकल्या.

इथले डॉक्टर वयस्क होते, जाड चष्म्याचे, घाईतले. त्यांनी कोरं कार्ड ओढलं, नाव विचारलं.

"बफर."

"आधी कुठे दाखवलंय?"

"नाही," मामा म्हणाले. जमलं.

डॉक्टरांनी पिल्लाच्या कंबरेवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. बोटं थांबली, थोडी सरकली, परत थांबली. मामा स्वतः मोटरवर हात ठेवून अगदी असेच उभे राहत.

"इथे काहीतरी..." डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "काही आवाज वगैरे येतो का हो?"

"टक्," मामा म्हणाले. "चढताना. उतरताना नाही. सकाळी पहिली तीन पावलं जास्त. पहिला आवाज आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, की आपण बोललो. डॉक्टर चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहत होते. "बरोब्बर. चढतानाच येणार." आणि त्यांनी पहिल्या डॉक्टरीणबाईंपेक्षाही सविस्तर, झोकदार अक्षरात सगळं कार्डावर लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली आणि ती मोठ्याने वाचून दाखवली, "एक वर्षाचं होईपर्यंत जिना पूर्ण बंद. कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट आहे ना?"

मामांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मग उचलून न्यायचं. दिवसातून चार वेळा तरी खाली न्यावंच लागेल. आता तीन-चार किलोचं आहे. सहा महिन्यांनी पंधरा होईल, तेव्हा आजपासूनच सवय करा."

दवाखान्यातून ते थेट ड्रायक्लीनिंगच्या दुकानात गेले. दुपारची मंद वेळ होती. प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले कोट दांडीवर ओळीने लटकत होते आणि त्यांच्या मागून वाफेचा ओला, गरम वास येत होता. मामी काउंटरच्या आत स्टुलावर एक पाय वर घेऊन बसल्या होत्या. टाचा दुखल्या की त्या अशा बसत. मामांनी पिल्लू काउंटरवर ठेवलं, दोन्ही कार्डं शेजारी शेजारी मांडली आणि झालं ते सगळं सांगितलं. मेहुण्याची युक्ती, आपण ती मान्य केली हे, आणि ती कशी फसली तेही.

मामींनी दोन्ही कार्डं वाचली. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले, पण हसू बाहेर आलं नाही.

"म्हणजे खोटं बोलायला गेलात, आणि दुप्पट खरं बोलून आलात."

"तोंडातून निघून गेलं."

"जाणारच. तुम्हाला खोटं येत नाही. आईंना 'तुम्ही बऱ्या व्हाल' एवढंसुद्धा तुम्हाला कधी म्हणता आलं नाही. ते रोज मी म्हणायचे."

पिल्लाने काउंटरवरची पावत्यांची दोरी तोंडात धरली. मामींनी ती हळूच सोडवली.

"भावाकडून विम्याचे सगळे कागद मागवून घ्या," त्या म्हणाल्या. "फॉर्म नको. मागचे कागद."

"डावा पाय तर गेलाच की. आता कशाला?"

"वाचल्याशिवाय नाही कसं म्हणू?"

मामींचं अर्धं आयुष्य पावतीच्या मागच्या बाजूवर गेलं होतं. पुढे लिहिलेलं असतं कोट एक, साडी दोन, शुक्रवारी मिळेल. मागे बारीक अक्षरात असतं, बटणांची जबाबदारी नाही, रंगाची नाही, आधीच्या डागाची नाही. गिऱ्हाईक पुढचं वाचतं आणि भांडतं मागच्यावरून. बावीस वर्षं मामी चिडलेल्या माणसांना पावती उलटी करून दाखवत आल्या होत्या. त्यामुळे विम्याचे अकरा पानी कागद आले तेव्हा त्यांनी पहिली चार पानं, ज्यांवर हसरी कुत्री होती, बाजूला काढून ठेवली. उरलेली सात त्यांनी दोन दिवस काउंटरवर, एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं यायचं आहे एवढ्या फटीत, पेन्सिल घेऊन वाचली.

ते दोन दिवस मामांनी पिल्लू उचलून खाली नेलं आणि उचलून वर आणलं. सकाळी कामाआधी, दुपारी जमलं तर येऊन, संध्याकाळी, झोपायच्या आधी. पिल्लू जड नव्हतं, पण वळवळायचं. मामा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबत. तेवढ्यात ते त्यांचा कान चाटून घेई. एकदा दुपारी ते घरी पोचले तर पिल्लू कोरडं, शहाणं होऊन टॉवेलवर बसलं होतं. कुणीतरी त्याला खाली नेऊन आणलं होतं. मामींच्या दुकानाच्या चपला दारात जरा वेगळ्या जागी होत्या. मामांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं आणि उत्तर काय येईल याची त्यांना खात्री नव्हती. मामींची अट मोडलेली नव्हती. विमा निघाला तर राहील, नाही तर नाही.

रविवारी दुपारी मेहुणा फॉर्म घेऊनच आला. तिघं बसले. मामींनी सात पानं पुढे ठेवली. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"डावा पाय यात नाही," मामी म्हणाल्या.

"नाही, ताई. ते दाजींनी—"

"दाजींचं राहू दे. पान सात काढ. एका बाजूचा सांधा आधीपासून दुखरा असेल तर दुसऱ्या बाजूचाही धरणार नाही, असं लिहिलंय. म्हणजे उजवाही गेला."

मेहुण्याने पान सात काढलं आणि नाकाशी धरलं. इतकी वर्षं तो हे विकत होता, पण पान सातवर तो आज पहिल्यांदाच उतरला असावा. "हो की," तो म्हणाला.

"लस नाही. दात नाहीत. पहिले तीस दिवस काहीच नाही. आधी सगळं आपण भरायचं, मग ते देणार, त्यातलाही पाचवा हिस्सा आपणच सोसायचा. आणि कुत्रं म्हातारं होईल तसा हप्ता वाढणार. म्हणजे नेमका कशाचा विमा आहे हा? मागचं धड सोडून पुढच्या कुत्र्याचा?"

मामांना हसू आलं. मेहुण्याला आलं नाही.

"ताई, तसं नसतं. उद्या त्याने मोजा गिळला, गाडीखाली आलं, कुणाला चावलं—"

"मोजा तुझ्या दाजींचा असेल, तो जमिनीवर पडायचा नाही. गाडीखाली कसं येईल? ते खाली जातंय कडेवर बसून." मामींनी पेन्सिल ठेवली. "मी वाईट म्हणत नाही तुझ्या कागदांना. ज्याच्या कार्डावर काही नाही त्याने खुशाल काढावा, आणि पहिल्या दिवशी काढावा. आम्हाला ज्याची भीती आहे तेवढंच यातून बाहेर राहतंय. मग बाकीच्याचे पैसे भरून मी निजणार कशी?"

"म्हणजे नाही काढायचा?"

"नाही."

विमा नाही म्हणजे पुढचं वाक्य काय असणार हे मामांना माहीत होतं. ते बायकोने म्हणायच्या आधी आपणच म्हणावं, निदान तेवढा तरी त्रास तिला देऊ नये, म्हणून ते म्हणाले, "मी उद्या ऑफिसात विचारतो. तळमजल्यावर राहणारं कुणी असेल तर..."

"थांबा." मामी त्यांच्याकडे वळल्या. "मला पैशाची भीती आहे असं मलाही वाटत होतं. हे सगळं वाचताना कळलं, की ती पैशाची नाहीये. आईंच्या शेवटी डॉक्टरांनी विचारलं होतं, नळी घालायची का अजून. आठवतं? तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नुसतं बघितलंत. मग मी म्हणाले, आता नको. आई तुमच्या, आणि नको म्हणाले मी. गेलं दीड वर्ष मी ते 'नको' घेऊन फिरतेय."

मेहुणा उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर काहीतरी असल्यासारखा बघत राहिला.

"त्यासाठी विमा हवा होता मला," मामी म्हणाल्या. "तो कुणी काढत नाही. आता तुम्हाला हे ठेवायचं असेल तर मी नाही म्हणत नाही. पण ठरवायचं ते आज ठरवायचं. आपण दोघं शुद्धीवर असताना, कुणी कण्हत नसताना. कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं. आणि ते मी म्हणणार नाही. तुम्ही म्हणा."

मामांना वाटलं, की एकतीस वर्षं आपण ऐकत आलो आणि लिहीत आलो, पण निकाल नेहमी दुसऱ्या कुणी दिला. लिफ्ट बंद ठेवायची की चालवायची हे सेक्रेटरींनी ठरवलं, तपासनिसाने ठरवलं. घरात हिने ठरवलं. पिल्लू त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपलं होतं. ते अजून काहीच मोठं नव्हतं. अशा वेळी त्याच्या शेवटाबद्दल बोलणं म्हणजे दुष्टपणाच वाटत होता.

"सहा महिन्यांनी एक्स-रे काढू," मामा हळूहळू म्हणाले. "लागलं तर ऑपरेशन करू. त्यासाठी मी रविवारची जादा ड्यूटी धरेन." ते थांबले. मामी वाट बघत होत्या. "एक ऑपरेशन. त्यापुढे नाही. त्यापुढे त्याला सोसवत नसेल तर मी डॉक्टरांना सांगेन." परत थांबले. "मी सांगेन. तू बाहेर बस. हवं तर येऊही नकोस."

"आणि माझ्याकडे बघणार नाही?"

"नाही बघणार."

मामींनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. दिवसभर धरून ठेवलेली जड पिशवी खाली ठेवल्यावर हात जसा नुसता लोंबतो, तशा त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग मेहुण्याला म्हणाल्या, "फॉर्म ठेव आत. चहा टाकते."

"मी टाकतो," मेहुणा म्हणाला. तो या घरात कधी स्वयंपाकघरात गेला नव्हता. आतून त्याने साखर कुठे आहे म्हणून दोनदा विचारलं.

पिल्लू जागं झालं आणि दाराशी जाऊन गोल गोल फिरू लागलं. मामा गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

"सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्या तुमच्या," मामी डोळे न उघडता म्हणाल्या. "दुपारची मी येते तेव्हाची माझी. रात्रीची तुमची. आणि ते बफर नाव मला आवडलेलं नाही, पण ते आता तेवढ्यालाच येतं."

मामांनी पिल्लाला उचललं. कठड्याला धरत, एकेक पायरी तिरकं पाऊल टाकत ते तीन मजले उतरले. खाली भिंतीच्या कडेला पिल्लाने जागा हुंगून ठरवायला बराच वेळ घेतला. त्याचं आटपल्यावरही मामा लगेच निघाले नाहीत. वरून मेहुणा चहा झाला म्हणून हाका मारत होता. मामांनी "आलो" म्हटलं, पिल्लाला मांडीवर घेतलं आणि शेवटच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिले.